नकाशाचा उजवा खालचा कोपरा

आयटीआयच्या सर्टिफिकेटवर माझा ट्रेड ‘ड्राफ्ट्समन, सिव्हिल’ असा छापलाय. वर्गात आम्ही तीन मुली होतो, तिघीही ‘मन’च झालो. पुढं ३१ वर्षं मी सोलापुरातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात उंच स्टुलावर बसून काढली. आधी टी-स्क्वेअर, मग ड्राफ्टर, शेवटी शेवटी कॉम्प्युटर. मार्च लागला की पंखा ही मोठी पंचाईत असायची. लावला तर ट्रेसिंग उडायचं, बंद केला तर मनगटाचा घाम कागदावर उतरायचा आणि तेवढा भाग फुगून सुरकुतायचा. म्हणून मनगटाखाली रुमाल. रॉट्रिंगच्या पेनाची रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची आणि ती जागा नखाच्या पाठीनं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर दुसऱ्यांदा शाई पसरते. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख अजून एका बाजूनं चपटं आहे.

नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, टायटल ब्लॉक. तिच्यात सगळ्यांत वर प्लॉटमालक. त्याखाली पेठ आणि घर नंबर. मग ठळक अक्षरांत आर्किटेक्टचं नाव, पदव्या, रजिस्ट्रेशन नंबर, सहीची जागा. मग स्केल आणि तारीख. आणि सगळं संपल्यावर, नखाएवढ्या चौकोनात, ‘ड्रॉन बाय’. तिथं पूर्ण नाव घालायचं नसतं, आद्याक्षरं घालायची. मी तो चौकोन नेहमी शेवटी भरायचे. अमोनियाच्या वाफेवर नकाशाच्या प्रती काढायचे, त्या प्रिंटवर तो बऱ्याचदा फिका यायचा.

तक्रार म्हणून सांगत नाही. पगार वेळेवर मिळत होता आणि काम मला आवडत होतं. पण त्यामुळं कुठल्याही इमारतीपुढं उभी राहिले की माझी नजर आधी नाव शोधते, एवढं मात्र झालंय. सोलापुरात नावांची ददात नाही. कोनशिला बघा. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, महापौर, उपमहापौर, सभापती, नगरसेवक. कधीमधी शेवटच्या ओळीत आर्किटेक्ट. ज्यानं दगडावर दगड ठेवला तो अजून एकाही कोनशिलेवर मला सापडलेला नाही.

तर सहल. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं सकाळी फिरणारा आमचा १३ जणांचा गट आहे. वर्षातून एकदा गाडी करून कुठंतरी जायचं असा शिरस्ता आहे, आणि ‘कुठंतरी’ म्हणजे आजवर तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. यंदा कुणीतरी म्हणालं, विजापूरला जाऊ, गोल घुमट बघून किती वर्षं झाली. मी तेवढ्यात घुसवलं की जायचंच तर मलिक संदलच्या इमारती बघायच्या.

“संदल? म्हणजे उरूस आहे का तिथं?” अक्कांनी विचारलं.

उरूस नाही, माणूस. विजापूरचा स्थपती. इब्राहिम रौजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाच्या कबरीची इमारत, त्यानं उभारला, ताज बावडी ही मोठी विहीरही त्याचीच म्हणतात. आमच्या ऑफिसातले मोठे साहेब पावसाळ्यात काम थंड असलं की गप्पा मारायचे, त्यांच्याकडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. “विजापुरात एक छत आहे,” ते म्हणायचे, “ते कशावर उभं आहे ते मला विचारू नकोस, जाऊन बघ.” आणि पुढं म्हणायचे, “त्याचं नाव इमारतीवर कोरलंय.” माझ्या मनात छतापेक्षा हे दुसरं वाक्य राहिलं. ३१ वर्षांत १०० किलोमीटर जाणं झालं नाही. शाळेच्या सहलीत गेले होते तेव्हा घुमटात ओरडून, भेळ खाऊन परत आलो होतो.

डिसेंबरचा रविवार. सकाळी सहाला टेम्पो ट्रॅव्हलर विजापूर वेशीपाशी उभी. गावाचं नाव कागदोपत्री २०१४ साली विजयपुरा झालं, पण आमच्याकडं वेस विजापूर वेस आहे आणि रोड विजापूर रोड, तेव्हा गावही विजापूरच. गटात कोण कोण होतं ते सांगते, कारण पुढं त्यांची गरज लागेल. इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर. घरात कन्नड बोलणाऱ्या अक्का. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले चाचा, ज्यांनी गाडी सुरू झाल्यापासून आमच्या ड्रायव्हरच्या प्रत्येक गिअरवर मनातल्या मनात शेरा मारला. माहेर परांड्याचं असलेल्या वहिनी. आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे दगडकामातला माणूस, आजोबांपासून तेच. मी काढलेल्या दोन-तीन घरांवर त्यांनी कामही केलंय. आम्ही दोघं एकमेकांना आधी नकाशानं ओळखत होतो, तोंडानं नंतर.

वडकबाळचा पूल, मग मंद्रूप. दोन्ही बाजूला ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे मंद्रूपच्या आतच संपायला लागले. टाकळीला भीमा ओलांडली की पाट्या कन्नड होतात आणि अक्का एकदम गटाच्या पुढारी होतात.

सरांनी माईक नसताना माईक घेतला. सोलापूरचा भुईकोट कसा निजामशाही आणि आदिलशाहीच्या मधे अडकला होता ते त्यांनी सांगितलं. १५२४ साली इस्माईल आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न सोलापुरातच लागलं. निजामशहाचं म्हणणं, सोलापूरचा किल्ला आंदण द्यायचं ठरलं होतं. आदिलशहाचं म्हणणं, असं काही ठरलंच नव्हतं. त्यावरून पुढं कित्येक वर्षं लढाया. मग तालिकोटच्या लढाईआधी उलटी सोयरीक झाली. अहमदनगरची चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर तिच्याबरोबर आंदणात विजापूरला आलं.

“म्हणजे आपण रुखवतातलं भांडं,” अक्का म्हणाल्या.

गोल घुमटाबद्दल थोडक्यात उरकते, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे आणि तो काही माझ्या कौतुकावाचून अडलेला नाही. महंमद आदिलशहाची कबर. तो १६५६ साली गेला. घुमटाचा आतला व्यास जवळजवळ ३८ मीटर, खाली एक खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौकोनाचा गोल करतात आणि घुमट त्यांच्यावर बसतो. हे काम दाभूळच्या याकूतचं असं सांगतात. दाभूळ म्हणजे कोकणातलं दाभोळ. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या जिन्यानं वर चढताना गुडघ्यांनी आपापली मतं मांडली. गॅलरीत पोचल्यावर चाचांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन खास सोलापुरी हाळी दिली, “का बेऽऽ!” घुमटानं ती परत दिली. पुन्हा दिली. गाइड दहा वेळा म्हणत होता, मी सात मोजल्या. आदिलशहाच्या कबरीवर “का बे, का बे, का बे” घुमत होतं आणि पलीकडच्या बाजूला उभी असलेली एक अनोळखी पोरगी फिसकन हसली, तेसुद्धा कानाशी हसल्यासारखं ऐकू आलं.

तिथून गावाच्या पश्चिमेच्या तटावर, शेरझा बुरुजावरची मलिक-ए-मैदान. सुमारे ५५ टनांची तोफ. तोंडाला सिंहाचा जबडा कोरलाय आणि त्या जबड्यात हत्ती चिरडलाय. ही ओतली अहमदनगरला १५४९ साली, आणि ओतणाऱ्याचं नाव तिच्यावर आहे, महंमद बिन हसन रूमी. ती परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ साली विजापुरात आणली.

“मग आमचीच की ही!” वहिनी म्हणाल्या आणि माहेरच्या माणसाच्या पाठीवर फिरवावा तसा तोफेवरून हात फिरवला. ऊन वाढलं होतं तरी धातू थंडगार होता.

मला त्या तोफेवर दुसरीच गोष्ट आवडली. रूमीच्या नावाखेरीज तिच्यावर आणखी एक लेख आहे, औरंगजेबाचा. १६८६ साली विजापूर पडल्यावर त्यानं तो घालून घेतला, मलिक-ए-मैदान जिंकल्याचा. ओतणाऱ्याचं नाव आणि नेणाऱ्याचं नाव एकाच अंगावर. पुढं इंग्रजांच्या काळात १८५४ मध्ये ही तोफ मोडीत काढायला निघाली होती. लिलावात बोली आली १५० रुपयांची, म्हणून राहिली. नावं दोन आणि किंमत दीडशे. टायटल ब्लॉकवर बसणाऱ्या माणसाला या गोष्टीचं जरा बरंच वाटतं.

तटाच्या बाहेर, थोडंसं पश्चिमेला, इब्राहिम रौजा.

दरवाज्यातून आत गेलं की बाग आहे आणि मधे एक उंच जोतं. जोत्यावर पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद, तोंडं एकमेकांकडं. मधे हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. तो १५८० ते १६२७ गादीवर होता. दखनीत गाणी रचणारा आणि त्या गाण्यांत सरस्वतीला, गणपतीला हाक घालणारा राजा. त्यानं आपल्या राणीसाठी, ताज सुलतानसाठी हे बांधायला घेतलं आणि तोही शेवटी तिथंच निजला.

गोल घुमटात गेल्यावर माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो. इथं तसं झालं नाही. आमचा गट, जो मंद्रूपपासून गप्प बसला नव्हता, तो एक-एक करून पांगला. अक्का मशिदीच्या छज्ज्याखाली जाऊन दगडी साखळ्या बघत बसल्या. छज्ज्यापासून लोंबणाऱ्या या साखळ्या दगडाच्या आहेत, कडीत कडी अडकवलेली, अखंड दगडातून कोरून काढलेल्या. काही तुटल्यात. “आणि आमच्या मंगळसूत्राची साखळी दर दोन वर्षांनी तुटतीय,” त्या कुणाला तरी सांगत होत्या.

मी कबरीच्या खोलीत गेले. बाहेरच्या उजेडातून आल्यावर आधी काही दिसेना. मग खिडक्या दिसल्या. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे नक्षी नाही, अक्षरं आहेत. अरबी अक्षरं ठेवलीत आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग काढून टाकलाय, त्यामुळं उजेड अक्षरांच्या फटींतून आत येतो. आम्ही लेटरिंग शिकलो ते स्टेन्सिल धरून. स्टेन्सिलमध्ये अक्षराचा पोट-भाग गळून पडू नये म्हणून मधे बारीक पूल ठेवावे लागतात. मी जाळीपाशी जाऊन ते पूल शोधले. नाहीत. एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या खांद्यावर टेकलीय, त्याची मान तिसऱ्याला, आणि अशी ती सगळी एकमेकांना धरून उभी आहेत. ज्यानं हे आखलं त्याला अक्षरं आणि वजन दोन्ही कळत होतं.

मग मान वर केली.

खोली साधारण ४० फूट लांब, ४० फूट रुंद. चारी भिंतींवरून छत आत वळत येतं आणि मधे साधारण २४ फुटांचा चौकोन उरतो, तो सपाट. सपाट म्हणजे स्लॅबसारखा सपाट, आणि हा स्लॅब दगडी लाद्यांचा आहे. लादीच्या कडेला लादी. खाली तुळई नाही, खांब नाही, कमान नाही. सिमेंट नाही, सळई दिसत नाही. बाहेरून बघताना आपल्याला वर घुमट दिसलेला असतो, फुलाच्या पाकळ्यांतून उगवल्यासारखा, त्यामुळं आत घुमटाची पोकळी असेल असं धरूनच आपण शिरतो. आणि डोक्यावर येतं हे पाटासारखं छत. घुमट त्याच्या वर, वेगळाच. दोघांच्या मधे आणखी एक पोकळ जागा आहे.

प्लॅनवर हे छत दिसणारच नाही. प्लॅन म्हणजे कमरेच्या उंचीवर इमारत आडवी कापून वरून बघणं, त्यात फक्त भिंती येतात. हे दिसेल सेक्शनमध्ये, इमारत उभी चिरल्यावर. मी पिशवीतली वही काढली आणि कबरीच्या बाजूला जमिनीवर बसून सेक्शन काढायला घेतला. भिंत, आत वळणारा भाग, सपाट रेघ, वर पोकळी, वर घुमट. ती सपाट रेघ काढताना हात थांबला. ३१ वर्षांत २४ फुटांची रेघ मी हजार वेळा मारली असेल, पण तिच्या दोन टोकांना काहीतरी दाखवल्याशिवाय कधी मारली नाही. बीम दाखव, कॉलम दाखव, निदान भिंतीवर नऊ इंच टेकव. इथं दाखवायला काही नव्हतं. माझ्या साहेबांनी असं ड्रॉइंग बघितलं असतं तर पेन्सिलीनं गोल करून मोठ्ठं प्रश्नचिन्ह घातलं असतं.

मिस्त्री मागं येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही.

“काय बघायलाव मॅडम?”

मी वही दाखवली. त्यांनी वहीकडं बघितलं, वर बघितलं, परत वहीकडं. मग ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि एक डोळा मिटून छताची कड धरून बघायला लागले, जशी आम्ही फळी सरळ आहे का बघतो. भिंतीला हात लावायला निघाले आणि पहारेकऱ्यानं खाकरल्यावर हात खिशात घातला.

जाणकार या छताचं श्रेय चुन्याला देतात, चुनाच लाद्यांना धरून आहे म्हणतात. मी ते मिस्त्रींना सांगितलं. ते मान हलवेनात. चुन्याबद्दल त्यांना आदर आहे. आजोबांच्या वेळची घाणी त्यांनी बघितलीय, दगडी चर गोल खणलेला, त्यात चाक, चाकाला बैल, आणि चुना-वाळू तासन् तास मळायची. “चुना धरतो, खोटं नाही. सिमिटासारखा घाई करत नाही, हळूहळू धरतो आणि मग सोडत नाही. पण नुस्ता चुना?” त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. “लाद्यांच्या कडंला खाचा असतील. एकीची जीभ दुसरीच्या पोटात. खालनं दिसायच्या नाहीत.”

“आणि वळणारा भाग?”

“तो तर खरा गडी. तो चारी बाजूनं दाबून धरलाय. मधलं छत म्हंजे त्याच्या तोंडातला विडा.”

मी सेक्शनमध्ये ती वळणं जरा जाड केली. आता रेघेला टोकं होती. माझ्या साहेबांना पटलं असतं का माहीत नाही, मला पटलं.

मग नाव. पहारेकरी मराठी बोलत होता. त्याला विचारलं, मलिक संदलचं नाव कुठंय? त्यानं दाराच्या वर बोट केलं. दारावर लेख आहे, अक्षरांवर अक्षरं चढलेली. छापील तर्जुमा मी आधी वाचला होता. त्यात म्हटलंय की या रौजाची सजावट मलिक संदलनं पुरी केली, ताज सुलतानच्या हुकुमानं काम झालं, स्वर्गही बघत राहिला, आणि खर्च आला दीड लाख होन आणि वर ९००. ते वरचे ९०० मला फार आवडले. दीड लाखांवर थांबता आलं असतं. ज्यानं हिशेब ठेवलाय तोच ९०० लिहितो.

पण तर्जुमा वेगळा आणि दगड वेगळा. मला फारसी येत नाही. सरांना मोडी येते, फारसी नाही. चाचांना बोलावलं. चाचा उर्दू पेपर रोज वाचतात. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, दोन पावलं मागं गेले, एक पाऊल पुढं आले. बराच वेळ गेला. “ताज आहे,” ते म्हणाले. “हे बघा, ते, अलिफ, जीम. सुलतानपण आहे.” मग पुन्हा गप्प. “मलिक आहे बहुतेक. पण मलिक म्हणजे राजासुद्धा. कुठला मलिक ते पुढच्या शब्दावर.”

“पुढचा शब्द?”

“पुढच्या शब्दावर तीन अक्षरं बसलीत.”

आम्ही पाच-सहा जण माना वर करून उभे. चाचा पंधरा मिनिटं त्या एका शब्दाशी झगडत होते. ‘स्वाद’ हे अक्षर सापडलं, की स्वादसारखं काही. त्यापुढं नून असायला हवा, तो एका वेलीत घुसलाय की वेल त्याच्यात, कळेना. शेवटी त्यांनी हात टेकले. “मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून मी संदल वाचायलोय. तुम्ही न सांगता मला वाचता आलं नसतं. तेव्हा हे वाचणं खरं नव्हे.”

मी एवढ्या वर्षांनी त्या नावासाठी आले होते, आणि ते डोक्यापासून सहा-सात फुटांवर होतं, आणि आम्हा १३ जणांत एकालाही ते धड वाचता येत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. चाचांच्या त्या प्रामाणिकपणावर मला हसू आलं आणि मी परत आत जाऊन छत बघितलं. ते वाचता येत होतं.

जेवण गावातल्या एका खानावळीत. अक्कांनी कन्नडमधून ऑर्डर दिली, पातळ जोळद रोट्ट्या, एण्णेगायी वांगं, शेंगांची हिंडी, ताक. पंगतीत मी मिस्त्रींना विचारलं, तुम्ही एवढी घरं बांधली, कुठं नाव कोरावंसं नाही वाटलं? एखाद्या पायरीला, पायाच्या दगडाला?

मिस्त्रींनी रोटी मोडता मोडता माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत. “नाव कशाला लावायचं? गळायला लागलं की लोक बरोबर घर शोधत येतेत.”

पंगत फुटली. मी पण हसले. पण मला ते पूर्ण पटलेलं नाही, अजूनही नाही. गळल्यावर शोधत येतात ते खरं. न गळलं तर?

ताज बावडीपाशी पोचेपर्यंत तीन वाजले. मोठी कमान, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज, आणि कमानीखालून पायऱ्या उतरत पाण्याकडं. २०० फुटांच्या वर लांबी-रुंदीची चौकोनी विहीर, विहीर कसली, तळंच. १६२० साली बांधलेली. पाणी हिरवं होतं. आम्ही लोखंडी जाळीतूनच बघितलं. जाळीला कुणीतरी कुलूप लावून किल्ली नेली होती आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. तो किती वाजता गेला हे कुणी सांगेना.

म्हणून सावलीला बसलो आणि सरांनी दंतकथा सांगितली. दंतकथाच, त्यांनी तीनदा बजावलं. सुलतानानं मलिक संदलला सिंहलद्वीपाहून रंभा नावाच्या सुंदर स्त्रीला आणायला पाठवलं. वाटेवर आपल्यावर आळ येणार हे त्यानं आधीच ओळखलं, आणि निघण्यापूर्वी स्वतःला नपुंसक करून घेतलं. पुरावा एका पेटीत घालून मोहोरबंद करून सुलतानाकडंच ठेवून गेला. परत आल्यावर आळ आलाच, शिक्षा ठरली. त्यानं पेटी उघडायला सांगितली. सुलतान खजील झाला, म्हणाला, माग काय हवं ते. संदल म्हणाला, मला आता पोरबाळ नाही, नाव चालवायला कुणी नाही, तर नाव राहील असं काहीतरी बांधू द्या. आणि त्यानं ही विहीर बांधली.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, “पण सर, हिचं नाव तर ताज बावडी आहे.”

सर म्हणाले, “हो.”

“राणीचं नाव.”

“हो.”

“मग त्याचं नाव कुठं राहिलं?”

सरांकडं त्याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडं होतं, पण ते एका सेंटीमीटरच्या चौकोनाएवढंच होतं आणि मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. किल्लीवाला काही आला नाही. चाचा जाळीला कपाळ टेकवून पाण्याकडं बघत उभे होते. पाण्यात कमानीची उलटी सावली पडली होती आणि त्यात एक बगळा अगदी कमानीच्या माथ्यावरच्या, किल्लीच्या दगडावर उभा असल्यासारखा दिसत होता.

परतीला भीमेवर अंधार पडला. गाडीत गाण्यांच्या भेंड्या, तीन भाषांत, त्यामुळं कुणीच हरेना. रात्री घरी पोचले तोवर ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला होता. सगळे गोल घुमटाचे. रौजाच्या छताचा फोटो चौघांनी काढला होता आणि चारही काळे आले होते. मी वहीतल्या सेक्शनचा फोटो काढून टाकला. त्यावर सहा अंगठे आले आणि एक हात जोडलेले.

पावणेअकराला मिस्त्रींचा आवाजी मेसेज आला. ते टाइप करत नाहीत. मागं टीव्ही चालू होता.

“मॅडम, झोपलाव का? मी त्या छताचं ध्यानात घेतलं. लाकडी आधार दिला नसंल त्यांनी. एवढं लाकूड लावायचं, ते हलतंय, एक लादी हलली की सगळं गेलं. मला वाटतंय आधी ती सगळी खोली मातीनं भरली असंल, पार वरपर्यंत. माती ठोकून ठोकून. वरनं तिला छताचा आकार दिला, त्यावर लाद्या मांडल्या, चुना घातला, आणि बसले गप. वर्ष, दोन वर्ष. चुना धरू दिला. मग माती काढली.”

मी दोनदा ऐकला. ४० गुणिले ४०, आणि उंची. किती घमेली माती होईल ते उशीवर पडल्या पडल्या मोजायला लागले, मग लिहिलं: “एवढी माती बाहेर काढली कुठून?”

दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या काठानं मी वळणावर आले तर मिस्त्री तिथं उभेच होते, मफलर गुंडाळून, माझी वाट बघत.

“दारं चार हायेत की,” ते म्हणाले.